खोकल्याला ओ

उंबरदांडला पहिल्यांदा येणारा पाहुणा एकदा तरी फसतोच. पठाराची वाट उभी आहे. शहरातली माणसं निम्म्या चढावर धापा टाकू लागतात, कुणाला तरी ठसका लागतो, आणि तेवढ्यात खालच्या भातखाचरातून स्पष्ट ‘ओ’ ऐकू येते. पाहुणा वळून बघतो. खाचरातली बाई मान वर न करता तण काढत असते. त्याला वाटतं, तिला दुसऱ्याच कुणी हाक मारली असेल. तो पुन्हा खोकतो. पुन्हा ‘ओ’, या वेळी शेजारच्या खाचरातून आणि पुरुषाच्या आवाजात.

पाहुण्यांना वर नेणारे हैबतनाना पोकळे हा खेळ दोन-तीनदा होऊ देतात आणि मिशीतल्या मिशीत हसत राहतात. मग सांगतात, आमच्याकडे हाकेला उशिरा ओ दिली तरी कुणी रागवत नाही, खोकल्याला मात्र लगेच द्यावी लागते. का, ते विचारायचं नाही, वर पोचल्यावर आपणहून सांगेन. नानांचं सगळं असं असतं. घाई त्यांना आवडत नाही, आणि मध्येच प्रश्न विचारणारे तर मुळीच आवडत नाहीत.

वर पोचल्यावर कड्याच्या अगदी तोंडाशी एका जुन्या खोपीचा दगडी पाया दिसतो. चार हात लांब, तीन हात रुंद. मूर्ती नाही, शेंदूर नाही, नारळ फोडायची जागा नाही. त्याच्या भोवती कमरेएवढं भारंगीचं रान माजलेलं असतं. पानांना करवतीसारखे दाते आणि भाद्रपदात निळसर जांभळी फुलं. पाहुणे फुलांचे फोटो काढतात तोवर नाना भारंगीचे गुण सांगून घेतात. कोवळा पाला उकडून, पिळून, मुगाची डाळ आणि ठेचलेला लसूण घालून भाजी करायची. छातीतला कफ सुटतो, दम लागणाऱ्याला मोकळं वाटतं, तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव येते. फुलांचीही भाजी होते. जुन्या बाया मुळी सुंठेबरोबर उगाळून द्यायच्या. एवढं सांगून झाल्यावर नाना बोट उगारून म्हणतात, त्यानं दवाखाना चुकत नाही हं, मला विचाराल तर दोन्ही करावं.

दुसऱ्या गावांत पाला उकडल्यावरचं कडू पाणी फेकून देतात. उंबरदांडला वर्षाच्या पहिल्या भाजीचं पाणी फेकत नाहीत. घरातल्या थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाने त्यातला एक घोट घ्यायचा असतो. तोंड वाकडं करायची मुभा आहे, थुंकायची नाही. हे पाणी आणि ती ओ, दोन्ही एका बाईमुळे आली असं सांगतात. तिचं नाव ठकू.

ठकू म्हणे मावळतीकडच्या कुठल्याशा वाडीतून लग्न होऊन इथे आली. नवरा लुमाजी सरळ माणूस होता, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची. त्यांना एकच मुलगी, साळू. साळू चार वर्षांची असताना ठकूला खोकला लागला. मार्गशीर्षात लागला तो संक्रांतीला गेला नाही, शिमग्यालाही गेला नाही. कांडण करताना मुसळ हातात तसंच धरून ती वाकायची आणि खोकत राहायची. अंगावरची चोळी ढगळ झाली.

त्या काळी या गावाचा एक समज होता. खोकला ही हाक असते, आणि जो तिला ओ देतो त्याच्याकडे ती जाते. म्हणून कुणी खोकलं की ऐकणाऱ्याने तोंड मिटून घ्यायचं. बोलत असाल तर थांबायचं, गात असाल तर थांबायचं, खोकणाऱ्याची उबळ संपली की मग पुढचं बोलायचं. लहान मुलांना चालायच्या आधी हे शिकवत. ठकूनेही सून म्हणून आल्यावर हे शिकून घेतलं होतं आणि दुसऱ्यांच्या खोकल्याला ती मुकाट गप्प बसत आली होती. आता तिच्या खोकल्याला सगळं घर गप्प बसू लागलं. दिवसातून इतक्या वेळा, की त्या घरात कुणाचं एक वाक्य धड पुरं होईना.

शिमग्यानंतर गाव बसलं. येसबा गुरव देवळाचंही बघायचा आणि गावाचं चुकलंमाकलंही. तो म्हणाला, पोर लहान आहे, चुकून ओ देऊन बसेल. मग आपण काय करणार?  पठाराच्या कड्यावर तिला खोप बांधून दिली. वाटेच्या मध्यावर एक काळा धोंडा आहे, तिथवर लुमाजीने आठवड्यातून दोनदा शिधा आणून ठेवायचा आणि ठकूने तो गेल्यावर उचलायचा, असं ठरलं. जाताना तिने साळूला जवळ घेतलं नाही. तोंडाला पदर लावून लांबूनच सांगितलं, बरी झाले की येते.

कडा गावाच्या बरोबर डोक्यावर आहे. वाट ओढ्याला वळसा घालून तासभर चढते, पण आवाज सरळ वर येतो. संध्याकाळी ठकू कड्याशी बसायची. गुरांना घातलेल्या हाका, जात्याची घरघर, कुणाचं भांडण, सगळं तिला ऐकू यायचं. परसात साळूचा तांबडा परकर हललेला दिसायचा. मग तिला उबळ यायची, आणि खाली एकदम सगळं थांबायचं. भांडणारेसुद्धा थांबायचे. उबळ संपली की गाव पुन्हा बोलू लागायचं. एवढ्या माणसांना आपण रोज गप्प करतो आणि त्यातलं एकही माणूस आपल्याशी बोलत नाही, याचं तिला फार वाईट वाटे. खोपीत ती स्वतःशी बोलून बघायची, पण आपलाच आवाज ऐकून तिला रडू यायचं. मग तेही तिने सोडलं.

आषाढात ओढा फुगला आणि काळ्या धोंड्याची वाट तुटली. शिधा येईना. नाचणीचं पीठ आठ दिवसांत संपलं. खोपीच्या मागे भारंगी उगवली होती. माहेरी आई ती दोन पाण्यांतून काढून, घट्ट पिळून, तेल-लसणाची फोडणी घालून करायची हे ठकूला आठवत होतं. इथे तेल नव्हतं, लसूण नव्हता, मिठाचा खडा संपलेला, आणि लाकडं इतकी ओली की एकदा पाणी उकळायचं म्हणजे अर्धा दिवस चुलीशी फुंकत बसायचं. दुसरं पाणी कुठलं चढवणार? शिजलेला पाला तिने खाल्ला. खाली हिरवंकाळं कडू पाणी उरलं. ते फेकायला ती खोपीच्या तोंडाशी आली आणि थांबली. हात गारठले होते, मडकं ऊन होतं, आणि पोटात घालायला दुसरं ऊन काही नव्हतं. तिने ते पिऊन टाकलं. कडूपणाने डोळ्यांतून पाणी आलं.

मग तेच रोजचं झालं. खायला पाला आणि प्यायला त्याचंच पाणी. कधी एखादा खेकडा मिळाला तर तो सण. श्रावण लागता लागता घट्ट कफ सुटून पडू लागला. एकदा तिला जाग आली तेव्हा लक्षात आलं की आपण आडवे होऊन झोपलो होतो. महिनोन्महिने ती बसून झोपत होती. भारंगीला फुलं आली तेव्हा ती डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढ चढली आणि तिला दम लागला नाही. खोपीशी येऊन तिने भारा टाकला आणि ती एकटीच हसली.

ओढ्याला अजून पाणी होतं. ठकूने मनाशी ठरवलं, एक पंधरवडा सबंध कोरडा जाऊ दे. एकही उबळ येता कामा नये. मग ओढा उतरला की खाली जायचं आणि साळूला उचलून घ्यायचं. संध्याकाळी ती कड्याशी बसायची आणि घशात जरा खवखवलं तरी पाण्याचा घोट घेऊन दाबून टाकायची. खाली गाव न थांबता बोलत असायचं आणि तिला बरं वाटायचं. एक दिवस गेला, चार गेले, दहा गेले.

आणि इथेच घोटाळा झाला. खाली गावाला ती जिवंत असल्याची खूण एकच ठाऊक होती. खोकला यायचा बंद झाला, तेव्हा लोकांनी जे समजायचं ते समजलं.

बाराव्या दिवशी सकाळी ठकूला ओढ्याकाठच्या मसणवटीत धूर दिसला. कोण गेलं असेल? पहिल्यांदा सासू आठवली. पण सासू तर परसात बसलेली होती, आणि साळू तिच्या मांडीवर होती. धुराभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन लुमाजी फिरत होता. म्हणजे माणूस आपल्याच घरातलं. ती चालीवरून, पागोट्यावरून एकेकाला ओळखत गेली. येसबा होता, दीर होता, चुलत सासरे काठी टेकून उभे होते. मग तिने गाव घरागणिक आठवून काढलं, पाळण्यातल्या पोरांपर्यंत. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या घरी होतं. कमी कुणीच नव्हतं. चितेवर माणसाएवढं काही नव्हतंही, पळसाच्या पानांची बांधलेली एक बाहुली होती. अंग सापडत नाही तेव्हा तशी जाळतात, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा तिला उमगलं की गावात एकच माणूस कमी आहे, आणि ते आपण.

ती कड्यावर उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, ‘‘साळूऽऽ, ए साळू! मी हाय गं!’’

साळूने मान वर केली. पण सासूने तिच्या तोंडावर हात दाबून तिला आत ओढलं. मसणवटीतली माणसं लाकडं टाकून पळाली. नुकतीच जाळलेली बाई वरून हाक मारते म्हटल्यावर कोण उभं राहणार? दारं लागली. ठकू दिवस मावळेतो एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिली. कुणीही ओ दिली नाही.

चार दिवसांनी ओढा उतरला, तशी ती खाली आली. शिवेवर माणसं उभी होती. त्यांनी आडवी राखेची रेघ ओढली होती. येसबाने हात जोडले. त्याच्या आवाजात राग नव्हता म्हणे, आणि तेच वाईट होतं.

‘‘बाय, तुजं समदं केलंय. काय कमी ऱ्हायलं आसंल तर सांग, तेबी करू. पन मागारी जा.’’

‘‘मी मेले न्हाई येसबाकाका. बरी झालेय. खोकला गेलाय माजा, बघा तरी.’’

‘‘त्येच तर,’’ येसबा म्हणाला. ‘‘मेलेल्याला खोकला नसतो.’’

 खोकली असती तर रोगी म्हणून परत धाडली असती, आणि खोकत नव्हती म्हणून ती भूत ठरली. तिने लुमाजीकडे बघितलं. मुंडण केलेलं डोकं खाली घालून तो राखेच्या रेघेकडे बघत होता.  ठकू रेघ न ओलांडता वळली आणि वर गेली. बरं होण्याची तिला इतकी आस होती, आणि बरं होऊन तिच्या हाती हे पडलं.

त्यानंतर ती कशी राहिली ते कुणी बघितलं नाही. धोंड्यावर शिधा येणंही बंद झालं, कारण मेलेल्याला शिधा लागत नाही. कंद, नाचणीचे चार दाणे, रानकेळी, आणि सुकवून ठेवलेला भारंगीचा पाला. संध्याकाळी ती कड्याशी बसायची ती मात्र चुकली नाही.

पौषात एका संध्याकाळी खालून खोकला आला. बारीक, कोवळा, दोन-दोन ठसक्यांचा. आईला आपल्या लेकराचा खोकला ओळखायला वेळ लागत नाही. पाठोपाठ सगळं गाव गप्प झालं. जातं थांबलं, गुरांच्या हाका थांबल्या. ही शांतता वरून कशी वाटते ते ठकूला ठाऊक होतं. खाली, पाच वर्षांच्या पोरीला, तिच्याच घरात, भोवतीची माणसं तोंड मिटून बघत असताना ती कशी वाटत असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिला बसवेना.

ती कड्याच्या टोकाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘ओ.’’

खोकल्याला ओ दिली की तो आपल्याकडे येतो, हे ठकूही मानत होती. मानत होती म्हणूनच तिने ओ दिली. साळू पुन्हा खोकली. वरून पुन्हा ओ आली. गावाच्या अंगावर काटा आला, पण साळू म्हणे त्या दिवशी आजीच्या मांडीवरून उठून दाराशी जाऊन बसली, आणि प्रत्येक ठसक्यानंतर मान वर करून ऐकू लागली.

नुसत्या ओने खोकला जात नाही, हे मात्र ठकूला उपाशी राहून कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सुकलेल्या पाल्याचं गाठोडं आणि मुळ्या घेऊन काळ्या धोंड्यापर्यंत उतरली. लुमाजी तिथे बसलेला होता. आदल्या संध्याकाळपासून त्याला घरात थांबवत नव्हतं, आणि शिवेपलीकडे यायला कुणी त्याला सांगितलेलंही नव्हतं. ठकू धोंड्याच्या आडच थांबली.

‘‘उकडा आन् पानी टाकू नगा,’’ ती म्हणाली. ‘‘लोक टाकत्यात त्येच पाजा. कडू हाय, आधी तुमी घोट घ्या, मंग ती घेईल.’’

 गाठोडं उचलून तो खाली गेला. भुताचा पाला म्हणून आई ओरडली, भावाने हात धरला, तरी त्याने चुलीवर मडकं चढवलं. सगळ्यांच्या देखत पहिला घोट स्वतः घेतला आणि दुसरा साळूला दिला. महिनाभर हे चाललं. साळू हिंडूफिरू लागली. त्या सालात खोकला घरोघर आला होता, तेव्हा पोरांच्या आया एकेक करून लुमाजीच्या दाराशी उभ्या राहू लागल्या. आणि रोज संध्याकाळी खाली जितकी पोरं खोकत, त्या प्रत्येकाला कड्यावरून ओ मिळत राहिली.

होळीनंतर येसबा गुरव चार माणसं घेऊन वर गेला. आपलं चुकलं, असं त्याने सरळ सांगितलं आणि घरी चल म्हणाला. ठकू खोपीच्या दारात बसली होती. तिने त्यांना जवळ येऊ दिलं नाही.

‘‘समद्यांच्या खोकल्याला मी ओ दिलीय,’’ ती म्हणाली. ‘‘त्ये समदं आता माज्याकडं हाय. त्ये घिऊन साळूजवळ येऊ व्हय?’’

तिची समजूत कुणाला घालता येईना. ज्यांनी तिला हा समज शिकवला तेच आता तो खोटा म्हणून सांगत होते, ते तिला कसं पटावं? ती वरच राहिली. लोक काळ्या धोंड्याशी येऊन औषध विचारत, ती लांबून सांगे आणि लोक उतरून जात. बसायला कुणी थांबत नसे, आणि ती थांबूही देत नसे. साळू मोठी झाली, गावातल्या गावात तिचं लग्न झालं. ती मात्र पुऱ्या वाटेने वर यायची. माय-लेकी बोलायच्या, पण मध्ये दहा पावलांचं अंतर असायचं. साळूने आणलेली भाकरी ठकू ती गेल्यावर उचलायची. नातवंडं तिने कड्यावरून बघितली.

अशी तीसएक वर्षं गेली म्हणतात. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, कड्यावरून खोकला आला. इतक्या वर्षांनी, म्हातारा आणि थकलेला. खाली सगळे जुन्या सवयीने गप्प झाले. साळू चुलीपुढे भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती अंगणात आली आणि वर तोंड करून म्हणाली, ‘‘ओ.’’

घरातली माणसं हबकली. तेवढ्यात पलीकडच्या पडवीतून म्हाताऱ्या लुमाजीने, ज्याला जन्मभर चारचौघांत बोलता आलं नाही, त्याने ओ दिली. मग लहानपणी जी जी पोरं खोकली होती आणि आता बाप्ये-बाया झाली होती, त्यांनी दिली. मग येसबाच्या घरातून आली. इतक्या तोंडांतून ओ गेली, की त्या खोकल्याला आता कुणाच्या घरी जावं हेच कळेना, असं नाना सांगतात. वरून आणखी दोनदा खोकला आला. दोन्हीदा सबंध गावाने ओ दिली. मग आला नाही.

सकाळी माणसं वर गेली तेव्हा ठकू कड्याशी गावाकडे तोंड करून बसलेली होती आणि अंग गार पडलं होतं. या खेपेला तिला गावाने खांद्यावर घेतलं. दहा पावलांचं अंतर कुणीच ठेवलं नाही. साळूने तर आईचं डोकं मांडीवर घेतलं ते उठवेपर्यंत सोडलं नाही. आणि कुणाला खोकला लागला नाही, एवढं सांगून नाना उतरायला लागतात.

आता उंबरदांडची निम्मी घरं बंद आहेत. तरणी माणसं पुण्याला गेली, मागे एकेका घरात एकेक म्हातारं माणूस उरलं आहे. हैबतनानाही एकटेच असतात. भारंगी ते दरवर्षी खातात, पाणी पितात, आणि छाती त्यांची ठणठणीत आहे, पठार चढताना पाहुण्यांना मागे टाकतात. तरी आजही दिवेलागणीला नाना ओट्यावर येऊन बसतात, इकडे तिकडे बघतात, आणि मुद्दाम एकदा खोकतात. पलीकडच्या आळीतून कुणीतरी ओ देतं. मग ते उठून आत जातात आणि आपल्यापुरता भात टाकतात.